होम थिएटरचा प्रोजेक्टर घेताना: डीएलपी, थ्रीएलसीडी की एलकॉस, आणि आत दिवा कुठला

प्रोजेक्टर घ्यायचा ठरला की बहुतेक जण पहिल्यांदा लुमेन्सचा, म्हणजे प्रोजेक्टर किती उजेड फेकतो त्याचा, आकडा बघतात, आणि ऑनलाइन गेलं की दहा-पंधरा हजारांच्या खोक्यावर पण ९०००, १२००० असले आकडे छापलेले दिसतात, मग माणसाला वाटतं की लाखभराच्या प्रोजेक्टरवर २५०० लिहिलंय म्हणजे तो मंद असणार. प्रत्यक्षात उलट आहे. खोक्यावरचा तो आकडा कशाचा आहे हेच बऱ्याचदा लिहिलेलं नसतं. चित्र कसं दिसणार हे आत बसलेली चिप आणि तिच्यावर पडणारा उजेड ठरवतात, आणि या दोन्हींपैकी कशावर पैसे घालायचे हे तुमची खोली ठरवते. त्यामुळे माझा आग्रह असतो की आधी खोली बघा, मग चिप, मग दिवा. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि चित्र पण मिळत नाही.

आधी खोलीचं गणित करू, सोपं आहे. १०० इंची पडदा, १६:९ चा, म्हणजे साधारण सव्वासात फूट रुंद आणि चार फुटांहून थोडा उंच, क्षेत्रफळ झालं ३० चौरस फुटाला जरासं कमी. थिएटरात पडद्यावर किती उजेड असावा याचं जुनं प्रमाण आहे १६ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्याच्या दर चौरस फुटाला १६ लुमेन्स. म्हणून क्षेत्रफळाला १६ ने गुणायचं, आले ४८० लुमेन्स. फक्त ४८०! १२० इंचाला साधारण ६९० लागतात. आता यात दोन गोष्टी धरायच्या. एक म्हणजे प्रोजेक्टरचा सगळ्यात झगमगीत मोड हिरवट दिसतो, कारण पाऱ्याच्या दिव्यात हिरवा भरपूर आणि लाल कमी असतो, आणि ज्या सिनेमा मोडमध्ये माणसांचे चेहरे चेहऱ्यासारखे दिसतात तिथे उजेड निम्म्यावर येऊ शकतो. दुसरं म्हणजे दिवा जुना होत जातो तसा मंद होतो आणि आयुष्य संपेपर्यंत निम्मा राहतो. म्हणजे ४८० चे झाले ९६०, त्याचे झाले १९२०. अंधार करता येत असेल तर खरे २००० एएनएसआय लुमेन्स (म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेले) १०० इंचाला पुरतात, त्याच्यावरच्या आकड्यासाठी धावायची गरज नाही.

अंधार करता येत नसेल तर मात्र सगळंच बदलतं. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही ही गोष्ट नीट लक्षात घ्या, काळा म्हणजे पडद्यावर उजेड न पडणं. त्यामुळे हॉलमध्ये दिवे चालू ठेवून प्रोजेक्टर बंद असताना पडदा जेवढा पांढरा दिसतो, तोच तुमचा सगळ्यात गडद काळा. आपल्याकडे हॉलच्या भिंती ऑफ-व्हाइट किंवा क्रीम, वर पीओपीचं पांढरंशुभ्र छत, खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, म्हणजे सगळे दिवे बंद केले तरी पडद्यावरचा उजेड खोलीत फिरून परत पडद्यावरच येतो आणि काळ्याचा करडा होतो. अशा खोलीत भारी कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे पांढऱ्या-काळ्यात मोठा फरक दाखवणाऱ्या, चिपवर दोन-तीन लाख जास्त घालणं म्हणजे पैसे वाया. तेच पैसे खिडक्यांना जाड पडदे, चित्राच्या पडद्याच्या आजूबाजूच्या चार फुटांत गडद मॅट रंग, छतावर मॅट रंगाचा एक पट्टा यात घातले, तर मध्यम प्रोजेक्टर पण उठून दिसतो.

आता चिप.

डीएलपी म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप. लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये ही शोधली आणि पुढे त्यासाठी त्यांना ऑस्करवाल्या अकॅडमीचा तांत्रिक पुरस्कार पण मिळाला. चिपवर लाखो बारीक आरसे असतात, प्रत्येक आरसा एका बाजूला कलला की उजेड लेन्समधून पडद्यावर, दुसऱ्या बाजूला कलला की उजेड आतल्या आत वाया, आणि हे सेकंदाला हजारो वेळा होतं, आरसा किती वेळ या बाजूला राहिला त्यावरून तो ठिपका किती उजळ हे ठरतं. फायदा असा की चित्र एकदम धारदार येतं, एकच चिप असल्यामुळे रंग एकमेकांवर नीट न बसण्याचा प्रश्नच नाही, क्रिकेटमध्ये चेंडू पळताना किंवा गेममध्ये गाडी वळताना चित्र पुसट होत नाही, आणि बऱ्याच मॉडेल्समध्ये चिप बंदिस्त असल्यामुळे धूळ आत शिरून पडद्यावर ठिपके पडत नाहीत, जे आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे.

तोटा रंगाच्या चाकात आहे. घरगुती डीएलपीत चिप एकच असते, त्यामुळे लाल, हिरवा, निळा एकामागोमाग एक पाठवावे लागतात, त्यासाठी दिव्यासमोर रंगीत काचांचं चाक गरागरा फिरतं, आणि डोळा पटकन हलवला की काही जणांना पांढऱ्या वस्तूच्या कडेला लाल-हिरवी-निळी झलक दिसते. यालाच रेनबो म्हणतात. कुणाला आयुष्यभर दिसत नाही, कुणाला दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं. म्हणून डीएलपी घ्यायचा असेल तर घरातल्या सगळ्यांना घेऊन दुकानात जा, काळ्या पडद्यावर पांढरी नावं सरकतायत असं काहीतरी लावायला सांगा, आणि नजर डावीकडून उजवीकडे झपकन फिरवून बघा. तुम्हाला दिसत नाही आणि बायकोला किंवा मुलीला दिसतंय असं झालं तर तो प्रोजेक्टर तुमच्या घरासाठी नाही, विषय संपला.

चाकाबद्दल अजून एक विचारायचं, ते आरजीबीआरजीबी (लाल-हिरवा-निळा असे खण दोनदा) आहे की त्यात पांढरा खण पण आहे. पांढरा खण असला की पांढरा रंग झगझगीत होतो आणि लुमेन्सचा आकडा फुगतो, पण लाल-पिवळे रंग त्या मानाने मळकट दिसतात. ऑफिसात एक्सेल दाखवायला ठीक, सिनेमाला नको. आरजीबीआरजीबी चाकाचा आकडा खोक्यावर कमी दिसतो पण चित्र खरं असतं. आणि एलईडीवाले, लेझरवाले विक्रेते सांगतात ना की चाकच नाही म्हणजे रेनबो नाही, ते अर्धवट आहे. चिप एक असेल तर रंग तरीही एकामागोमाग एकच येतात, फक्त अदलाबदल जास्त जलद होते म्हणून त्रास बऱ्यापैकी कमी होतो.

फोर-के डीएलपीबद्दल पण सांगतो कारण इथे गोंधळ फार. घरगुती किमतीत जी ०.४७ इंची चिप मिळते तिच्यावर आरसे १९२० बाय १०८० एवढेच असतात, ती एका फ्रेमच्या वेळात चित्र चार जागी किंचित सरकवते, ४ गुणिले २०.७ लाख म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके, फोर-के. ही फसवणूक नाही, बसायच्या अंतरावरून खरंच फुल एचडीपेक्षा जास्त बारकावे दिसतात. पण या ०.४७ चिपचा काळा करडा असतो, जुन्या ०.६५ इंची फुल एचडी चिपपेक्षा पण करडा, हे कुणी सांगत नाही. अंधाऱ्या खोलीत रात्रीचे सीन बघायची आवड असेल तर चांगला जुना ०.६५ वाला फुल एचडी जास्त आवडू शकतो, हे मी मनापासून सांगतोय.

थ्रीएलसीडी म्हटलं की एप्सन. यात पांढऱ्या उजेडाचे खास काचांनी तीन रंग वेगळे करतात, प्रत्येकासाठी स्वतंत्र एलसीडी पॅनल, आणि मग एका प्रिझममध्ये तिन्ही परत एकत्र. तिन्ही रंग एकाच वेळी पडद्यावर असतात म्हणून रेनबो अजिबात नाही, आणि रंगाचा उजेड पांढऱ्याइतकाच भरतो. उजेड असलेल्या हॉलमध्ये मॅच बघायची, चार माणसं येणार, पोरं मध्ये मध्ये लाइट लावणार, अशा घराला मी डोळे झाकून थ्रीएलसीडीच सांगतो. त्यात मधल्या किमतीच्या मॉडेल्सना लेन्स शिफ्ट आणि मोठा झूम मिळतो, म्हणजे प्रोजेक्टर पडद्याच्या बरोबर मध्यावर लटकवता आला नाही, बीम आडवा आला, पंखा आडवा आला, तरी लेन्स सरकवून चित्र चौकटीत बसवता येतं. स्वस्त डीएलपीत ही सोय जवळपास नसते, मग लोक कीस्टोन, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र मेनूतून सरळ करायची सोय, वापरतात आणि चित्राची धार घालवतात.

पण थ्रीएलसीडी धुळीला घाबरतो. पॅनल्स थंड ठेवायला त्यांच्यावरून हवा जाते, पुढे जाळी असते, ती जाळी साफ केली नाही की धूळ पॅनलपर्यंत पोचते आणि काळ्या सीनमध्ये पडद्यावर पुसट हिरवा किंवा निळा गोळा दिसायला लागतो. रस्त्यालगतचं घर असेल, जवळ बांधकाम चालू असेल तर दर महिन्याला जाळी काढून साफ करा, दहा मिनिटांचं काम आहे. दुसरं, तीन पॅनल्स असल्यामुळे ते एकमेकांवर अगदी तंतोतंत बसत नाहीत, पांढऱ्या रेघेच्या कडेला अर्ध्या पिक्सेलएवढी लाल-निळी किनार दिसली तर ते चालतं, पूर्ण पिक्सेल सरकलेला असेल तर दुसरा पीस मागा.

एलकॉस ही तिसरी जात, जेव्हीसी तिला डी-आयएलए म्हणते आणि सोनी एसएक्सआरडी. यात पण तीन पॅनल्स, पण उजेड आरपार न जाता सिलिकॉनच्या आरशावरून परत येतो, तारा मागे लपलेल्या असतात म्हणून पिक्सेलमधली जाळी दिसत नाही आणि काळा असा येतो की अंधारात पडद्याची कड शोधावी लागते. जेव्हीसी आपल्या एनझेड सिरीजला ४०,००० पासून १,५०,००० ला एक इतका नेटिव्ह कॉन्ट्रास्ट सांगते, घरगुती एकचिपी डीएलपी हजार-दोन हजाराला एकच्या आसपास असतात, म्हणजे फरक किती आहे बघा. इथे नेटिव्ह हा शब्द धरून ठेवा. खोक्यावर जो वीस लाखाला एक वगैरे आकडा असतो तो डायनॅमिक, म्हणजे पूर्ण काळ्या फ्रेमला दिवा मंद किंवा बंद करून मोजलेला, एकाच सीनमध्ये चंद्र आणि अंधार दोन्ही असतील तेव्हा त्याचा उपयोग नाही. एलकॉसला किंमत लाखांत मोजावी लागते आणि वर म्हटलं तसं खोली काळी केलेली असेल तरच ती किंमत वसूल होते. वेगळी थिएटर रूम करणार असाल, भिंती-छत गडद करणार असाल, तर मात्र दुसरं काही बघूच नका.

आणि ते दहा-पंधरा हजारांचे खोके? त्यातले बरेचसे सिंगल एलसीडी असतात, म्हणजे चार-पाच इंची एकच एलसीडी काच आणि मागे पांढरा एलईडी. याला थ्रीएलसीडी समजू नका. रात्री पोरांना कार्टून दाखवायला, गच्चीवर मॅच लावायला हरकत नाही, पण कोपरे पुसट असतात, आणि एएनएसआय लुमेन्स लिहिलेले असतील तर ते बहुधा तीन आकडी असतात. ज्याच्यावर एएनएसआय किंवा आयएसओ हा शब्दच नाही, तो आकडा वाचलाच नाही असं समजा.

आता दिवा. इथे लोक फक्त तासांचा आकडा बघतात.

जुना आणि अजूनही उत्तम पर्याय म्हणजे यूएचपी लॅम्प, हा फिलिप्सने काढलेला पाऱ्याचा दिवा. क्वार्ट्झच्या छोट्याशा गोळ्यात साधारण एक मिलिमीटरच्या फटीत ठिणगी पेटते आणि आतला दाब २०० वातावरणांइतका जातो. एवढ्या बारीक जागेतून एवढा उजेड येतो म्हणूनच लेन्सला तो नीट गोळा करता येतो. आयुष्य साधारण ३००० ते ५००० तास, इको मोडमध्ये जास्त. रोज तीन तास बघितलं तर ४००० तास म्हणजे साडेतीन वर्षांच्या वर. दिवा मंद झाला की नवीन लॅम्प घाला, प्रोजेक्टर परत पहिल्यासारखा, हा लॅम्पचा मोठा गुण आहे आणि तो विसरला जातो.

त्रास वीज जाण्याचा. लॅम्प बंद केल्यावर पंखा थोडा वेळ फिरत राहतो तो उगाच नाही, दिव्याची भिंत हजार अंशांच्या आसपास तापलेली असते. मध्येच वीज गेली की पंखा पण थांबतो, दिवा आतल्या आत भाजतो, आणि वीज लगेच आली तरी तापलेला दिवा पेटत नाही, काही मिनिटं थांबावंच लागतं. महाराष्ट्रात शहराबाहेर राहत असाल तर लॅम्पच्या प्रोजेक्टरसोबत यूपीएसचे पैसे त्याच बजेटमध्ये धरा. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह आहे का आणि यूपीएस मोडवर ठेवलाय का ते बघा, नाहीतर बदलीच्या त्या क्षणात प्रोजेक्टर बंद पडतो. लॅम्प बदलताना उघड्या बोटांनी काचेला हात लावू नका, बोटाच्या तेलाचा डाग तापून काच तिथेच तडकू शकते. आणि कधी लॅम्प फुटलाच तर आत पारा आहे, खिडक्या उघडा, सगळ्यांना खोलीबाहेर काढा, आणि मेलेला लॅम्प ई-कचऱ्यात द्या, ओल्या-सुक्यात नाही.

एलईडीचे प्रोजेक्टर छोटे, शांत, २०,००० ते ३०,००० तासांचे, चालू करा की लगेच पूर्ण उजेड. रंग गडद असल्यामुळे मोजलेल्या उजेडापेक्षा डोळ्याला जास्त उजळ वाटतात हे खरं आहे, पण याच गोष्टीचा फायदा घेऊन एलईडी लुमेन्स नावाचा वेगळाच फुगलेला आकडा छापतात, तो सोडून द्या. अंधाऱ्या बेडरूममध्ये ८० इंचाला छान, दिवसा हॉलमध्ये नाही.

लेझर दोन प्रकारचे, आणि दुकानदार दोन्हीला नुसतं लेझर म्हणतो. एकात निळं लेझर फॉस्फर नावाच्या पिवळा उजेड देणाऱ्या लेपावर मारून पांढरा उजेड तयार करतात. सगळ्या गोष्टी धरल्या तर घरासाठी सध्या हाच सगळ्यात समतोल पर्याय, साधारण २०,००० तास, रोज तीन तासांनी अठरा वर्षं, वीज गेली तरी काळजी कमी, आणि सीन काळा झाला की उजेड क्षणात खाली आणता येतो. दुसरा ट्रिपल लेझर, लाल-हिरवा-निळा तिन्ही स्वतंत्र. रंग असे खोल येतात की पहिल्यांदा बघणारा थक्क होतो, पण त्यात स्पेकल म्हणून प्रकार असतो, सपाट पांढऱ्या किंवा निळ्या आकाशावर बारीक रवाळ चमक दिसते, आणि भिंतीलगतच्या अल्ट्रा शॉर्ट थ्रोवाल्यांसोबत जो खास उजेड-रोधक पडदा देतात त्याच्यावर ती जास्त जाणवते. तोच पडदा लावून क्रिकेटच्या सकाळच्या आकाशाकडे बघा, मग ठरवा. लेझरची एक बाजू मात्र लक्षात असू द्या, लॅम्पसारखा तो घरी बदलता येत नाही, वॉरंटीनंतर गेला तर आख्खं लाइट इंजिन आणि त्याचा खर्च मोठा. म्हणून लेझर घेताना वॉरंटी किती वर्षांची आणि किती तासांची, दोन्ही विचारा, आणि तुमच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का ते पण.

मग घ्यायचं काय? साधा हॉल, थोडा उजेड, मॅच आणि सिरीज, तर थ्रीएलसीडी, परवडलं तर लेझरचा, नाहीतर लॅम्पचा. बेडरूम अंधारी, सिनेमे आणि गेमिंग, घरात कुणालाच रेनबो दिसत नाही, तर आरजीबीआरजीबी चाकाचा डीएलपी. पूर्ण काळी खोली, तर एलकॉस.

विक्रेत्याचा आकडा खरा आहे का हे घरी तपासता येतं. एक साधा लक्समीटर घ्या, मोबाइलचं ॲप नको, ते फार चुकतं. खोली पूर्ण अंधारी करून पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र लावा, पडद्याचे आडवे-उभे तीन-तीन असे नऊ भाग करा, मीटरचं तोंड प्रोजेक्टरकडे करून नऊ जागी मोजा, सरासरी काढा आणि पडद्याच्या चौरस मीटरने गुणा. १०० इंची पडदा पावणेतीन चौरस मीटर भरतो, म्हणजे सरासरी ३०० लक्स आली तर सव्वाआठशे लुमेन्स. मग तसंच फक्त लाल, फक्त हिरवं, फक्त निळं लावून तिन्ही मोजा आणि बेरीज करा. बेरीज पांढऱ्याच्या जवळ आली तर रंग प्रामाणिक आहेत, निम्मीच आली तर पांढऱ्या खणाने आकडा फुगवलेला आहे.

हा मीटर सेकंडहँड घेताना सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, आणि सेकंडहँड लॅम्पचा प्रोजेक्टर कमी पैशात मोठं चित्र देतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जुना डीएलपी असेल तर पूर्ण काळा पडदा लावा, न हलणारे पांढरे ठिपके दिसले तर आरसे अडकलेत, ते ठिपके पुढे वाढत जातात, सोडून द्या. जुना थ्रीएलसीडी असेल तर पूर्ण पांढरा आणि मग करडा पडदा लावा, एखादा कोपरा पिवळसर किंवा निळसर झाला असेल तर आतली पोलरायझरची काच भाजलेली आहे. लेन्सवर टॉर्च तिरकी मारून बुरशीचे धागे बघा, कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या पीसमध्ये तर नक्की बघा. आणि मेनूमध्ये लॅम्पचे तास २०० दिसतायत म्हणून खूश होऊ नका, तो काउंटर रिमोटवरून शून्य करता येतो, मीटर लावून लुमेन्स मोजा आणि कंपनीच्या आकड्याच्या निम्मे भरले तर नव्या लॅम्पची किंमत सांगितलेल्या भावातून कमी करूनच बोला.